सही आणि शिक्का: गोव्यात इंजिनियर म्हणून रजिस्टर व्हायचं तर

फर्मागुडीहून सिव्हिल पास झालेला मुलगा पहिल्याच महिन्यात मामाच्या घराचा प्लॅन काढायला बसतो, हे आमच्या डिचोलीत दर वर्षी बघते मी. प्लॅन चांगलाही असतो. मग मामा विचारतो की आता सही तूच कर ना, तू इंजिनियर झालास की, आणि तिथे गाडी अडते. कारण डिग्री हातात असली तरी गोव्यात घराच्या फाइलवर सही करायला टाउन अँड कंट्री प्लॅनिंग (टीसीपी) खात्याचा रजिस्ट्रेशन नंबर लागतो, आणि तो नंबर कसा मिळवायचा, त्याच्या आधी काय करून ठेवायचं, हे कॉलेजात कोणी नीट सांगत नाही. मला 2011 मध्ये मिळाला, आणि तेव्हापासून माझ्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी हेच सगळं तोंडी सांगत आलेय, तर एकदा लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. भारतात इंजिनियरसाठी अख्ख्या देशाचं असं एक लायसन्स नाहीये. वकिलांना 1961 चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आहे, आर्किटेक्टना 1972 चा आर्किटेक्ट्स ॲक्ट आहे, इंजिनियरांना तसा कायदा अजून झालेला नाही, विधेयकाच्या चर्चा मात्र किती वर्षं ऐकतोय. त्यामुळे इंटरनेटवर प्रोफेशनल इंजिनियर लायसन्स शोधलंत की जे येतं ते बहुतेक अमेरिकेचं असतं आणि मुलं गोंधळतात, कुणी एफई म्हणजे तिथल्या पहिल्या परीक्षेची पुस्तकं घेऊन बसतो आणि त्याला खरं तर साखळीला घरं बांधायची असतात. आपल्याकडे परवाना कामाप्रमाणे आणि जागेप्रमाणे मिळतो. घराचे प्लॅन सही करायचे, आरसीसी डिझाइनची जबाबदारी घ्यायची, बँकेसाठी व्हॅल्युएशन करायचं, मशिनरी तपासून सर्टिफिकेट द्यायचं, प्रत्येकाचा दरवाजा वेगळा. तेव्हा आधी ठरवा की तुम्हाला कुठल्या कागदावर सही करायची आहे.

बहुतेकांना घरबांधणीतच यायचं असतं म्हणून तिथून सुरू करते. गोव्यात 2008 चा लँड डेव्हलपमेंट अँड बिल्डिंग कन्स्ट्रक्शनचा कायदा आहे आणि त्याच्या खाली 2010 चे रेग्युलेशन्स आहेत, आम्ही सगळे नुसते 'रेग्युलेशन्स' म्हणतो. रजिस्ट्रेशन याच्याच आधारावर होतं, खात्याचं मुख्य ऑफिस पणजीत पाट्टोला. इंजिनियरचा नंबर ईआर ने सुरू होतो, स्ट्रक्चरल इंजिनियरचा एसई ने, आर्किटेक्टचा एआर ने, पुढे आकडा आणि वर्ष. कुठल्याही साइटच्या बोर्डवर किंवा खात्याच्या टेक्निकल क्लिअरन्सच्या (तांत्रिक मंजुरीच्या) ऑर्डरमध्ये बघा, हे नंबर दिसतील. ईआर आणि एसई हे दोन्ही नंबर एकाच माणसाकडे असू शकतात, पण जबाबदारी वेगवेगळी, ते पुढे सांगते.

अर्ज करण्याआधी रेग्युलेशन्स स्वतः वाचा. ते वरचेवर बदलतात, दुरुस्ती गोवा सरकारच्या ऑफिशियल गॅझेटमध्ये येते आणि गॅझेट ऑनलाइन फुकट मिळतं, त्यामुळे मित्राने तीन वर्षांपूर्वी किती फी भरली, कुठला फॉर्म लावला यावर जाऊ नका. पात्रता, अनुभवाची वर्षं, फी, फॉर्म, सगळं ताज्या प्रतीतून घ्या आणि प्रिंट काढून फाइलच्या वर लावा, काउंटरवर काही प्रश्न आला तर बोट ठेवून दाखवता येतं. कागद म्हणाल तर डिग्री किंवा डिप्लोमाचं सर्टिफिकेट, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, ओळखपत्र, पत्ता, फोटो, अनुभवाची पत्रं. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का तेवढं आधी बघून घ्या. आपल्याकडे आडनावाचं स्पेलिंग शाळेत एक, आधारवर दुसरं असं फार असतं, आणि मुलींचं तर लग्नानंतर नाव बदललेलं असतं. माझं दोन्हीकडे वेगळं होतं, त्या ॲफिडेव्हिटमध्ये दोन आठवडे गेले.

आता अनुभव. इथेच सगळ्यांचं अडतं, म्हणून जरा सावकाश सांगते.

मी पहिली तीन वर्षं एका ऑफिसात होते, नाव कशाला घ्या. काम भरपूर केलं, चार मोठ्या बिल्डिंगांचं स्टील मी स्वतः चेक केलंय, फुटिंगपासून (खांबाखालच्या पायापासून) टेरेसपर्यंत. निघताना त्यांनी एका ओळीचं पत्र दिलं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत साइट इंजिनियर म्हणून होत्या, वर्तणूक चांगली. मी तेव्हा पेढे वाटले आणि निघाले. अर्ज करायची वेळ आली तेव्हा त्या एका ओळीचा काही उपयोग होईना, मी काय केलं, डिझाइन केलं की नुसतं साइटवर उभी राहिले, किती मजल्यांचं, कोणाच्या देखरेखीखाली, काहीच त्यात नव्हतं. परत गेले तर ऑफिस हललेलं, ज्यांच्या हाताखाली होते ते बेळगावला गेलेले, फोन उचलत नव्हते. चार महिने गेले त्या एका कागदापायी. शेवटी माझ्या जुन्या डायऱ्या घेऊन बेळगावला गेले, त्यांच्यासमोर उघडून ठेवल्या, तेव्हा त्यांनी तिथेच बसून दोन पानी पत्र लिहून दिलं, प्रत्येक प्रोजेक्टचं नाव घालून.

त्या डायऱ्यांनी मला वाचवलं. म्हणून सांगते, पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वही ठेवा. मोबाइलमध्ये फोटो असतातच, पण वही पाहिजे. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: 'कारापूर साइट. फुटिंग एफ 7. ड्रॉइंगमध्ये खोली 1.5 मीटर. खड्ड्यात तिन्ही बाजूंनी कडक चिरा (जांभा), उत्तरेच्या कोपऱ्यात मात्र पांढुरकी मऊ माती, सळई हाताने आत जाते. सरांना फोन. अजून 60 सेंमी खोदायला सांगितलं, चिरा लागल्यावर पीसीसीने (सळई नसलेल्या काँक्रीटने) भरून घेतलं. सर संध्याकाळी येऊन बघून गेले.' एवढंच. पण पानावर तारीख आहे, जागा आहे, मी काय पाहिलं, काय विचारलं, निर्णय कोणी घेतला, सगळं आहे. अशा दोनशे नोंदी असल्या की तुमचा अनुभव कोणी नाकारू शकत नाही, आणि मुख्य म्हणजे तुम्हालाच कळतं की तुम्ही काय शिकलात आणि काय राहिलंय. मला वही चाळताना दिसलं की तीन वर्षांत मी एकही पाइल फाउंडेशन पाहिलेलं नाही, मग मुद्दाम खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीच्या) कडेला चाललेल्या एका कामावर ओळखीने जाऊन उभी राहिले, कारण खाजनातल्या त्या काळ्या चिखलात चिऱ्याचे सगळे हिशेब चुकतात.

आणि नोकरी सोडताना पत्र घ्या. सोडल्यावर नाही, शेवटच्या पगाराच्या आधी. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या, प्रोजेक्टचं नाव, गाव, किती मजले, एकूण किती चौरस मीटर, तुमचं काम नेमकं काय, कोणाच्या हाताखाली, त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर. साहेबांना लिहायला वेळ नसतो, तयार मजकूर असला तर वाचून सही करतात. खोटं मात्र एक अक्षर घालू नका, जे डिझाइन तुम्ही केलेलं नाही ते केलं म्हणून लिहू नका, उद्या त्याच प्रकारच्या कामावर तुमची सही लागणार आहे.

स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून यायचं असेल तर पट्टी अजून वरची आहे, आणि असायलाच पाहिजे. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये स्ट्रक्चरल इंजिनियरसाठी सिव्हिलच्या डिग्रीनंतर स्ट्रक्चरल डिझाइनचा किमान 3 वर्षांचा अनुभव सांगितलाय, स्ट्रक्चर्समध्ये मास्टर्स असेल तर 2 वर्षं. राज्याचा नियम शेवटी राज्याचा, तो रेग्युलेशन्समध्ये बघायचाच, पण माझं मत विचाराल तर 3 वर्षांवर सुद्धा घाई करू नका. एसई नंबर असलेला माणूस स्ट्रक्चरल लायबिलिटी सर्टिफिकेट देतो, म्हणजे लिहून देतो की या इमारतीच्या मजबुतीची जबाबदारी माझी. बांधकाम पूर्ण झालं की ऑक्युपन्सीच्या (इमारत वापरायच्या परवान्याच्या) वेळी स्टॅबिलिटी सर्टिफिकेट, ते पण आपलंच. सॉफ्टवेअर सगळ्यांकडे असतं, स्टॅड किंवा ईटॅब्स रन केलं की लाल-हिरवे रंग येतात आणि मुलं खूश होतात. त्याच बीमचं मोमेंट हाताने काढून आकडा जवळपास येतो का बघा, हे जमेपर्यंत एसई साठी अर्ज करू नका असं मी सांगेन.

कोड वाचायचे म्हणजे कुठले, तर काँक्रीटला आयएस 456, लोडला 875, भूकंपाला 1893 आणि त्याचं डिटेलिंग 13920, स्टीलला 800. 1893 च्या 2016 च्या आवृत्तीत गोवा झोन 3 मध्ये आहे, त्यामुळे आपल्याकडे भूकंप होत नाही म्हणून रिंगा लांब लांब बांधल्या तरी चालतात हे जे मिस्त्री सांगतात ते ऐकायचं नाही. आणि 456 मधला टेबल 3 आणि 16 गोव्याच्या माणसाने तोंडपाठ करावा इतका महत्त्वाचा. समुद्रकाठच्या हवेला उघडं असलेलं काँक्रीट सिव्हिअर एक्स्पोजरमध्ये येतं, म्हणजे काँक्रीटची ग्रेड किमान एम 30 आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, 45 मिलिमीटर. आता कळंगुट, कोलवा कुठेही जाऊन वीस-पंचवीस वर्षांच्या बिल्डिंगांच्या बाल्कनीखाली बघा, प्लास्टर सुटलंय, सळ्या फुगून बाहेर आल्यात. तिथे 15 मिलिमीटरसुद्धा कव्हर मिळालेलं नसतं.

याच कव्हरवरून एकदा माझी परीक्षा झाली, खरीखुरी. मे महिन्याचा शेवट, पेडण्याच्या बाजूला एक साइट, दुसऱ्या दिवशी स्लॅब ठरलेला, मिक्सर सांगून झालेले. संध्याकाळी मी चेक करायला चढले तर स्लॅबच्या जाळीखाली कव्हर ब्लॉक जागोजागी नव्हतेच, काही ठिकाणी खडीचे तुकडे लावले होते आणि बरीच सळई सरळ प्लायवर टेकलेली. कॉन्ट्रॅक्टर वयाने मोठे, घरच्यासारखे बोलणारे, म्हणाले, "बाय, पावस येता, फाल्यां स्लॅब घालूंक जाय, सही मार." म्हणजे पाऊस येतोय, उद्या स्लॅब घालायलाच पाहिजे, सही कर. ढग खरंच भरून आले होते आणि मालकाचं नुकसान दिसत होतं. मी सही केली नाही. चेकलिस्टवर लिहिलं, कव्हर अपुरं, काँक्रीट घालू नये, खाली वेळ आणि तारीख घातली, तिघांना कॉपी पाठवली आणि रात्री नऊपर्यंत तिथेच थांबून माणसांकडून ब्लॉक लावून घेतले, उरलेले दुसऱ्या दिवशी सकाळी. स्लॅब एक दिवस उशिरा पडला. ते कॉन्ट्रॅक्टर वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत, आता स्वतःच फोन करतात की चेक करायला या.

मला तेव्हा काणकोण आठवत होतं. 4 जानेवारी 2014, काणकोणच्या चावडी भागात बांधकाम चालू असलेली इमारत दुपारी खाली आली आणि कामगार ढिगाऱ्यात गेले. माझा नंबर हातात येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि त्या आठवड्यात मी माझ्या सगळ्या चालू कामांची कॅल्क्युलेशन्स परत काढून बसले होते. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पूर्वी आयपीसी 304-अ लागायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106 आहे, आणि शिक्षा 5 वर्षांपर्यंत. घाबरवायला सांगत नाहीये. पण दहा हजार रुपयांसाठी न बघितलेल्या बिल्डिंगवर सही देणारे असतात, आणि नवीन नंबर मिळालेल्या मुलाकडेच असे प्रस्ताव पहिल्यांदा येतात, दुसऱ्याने डिझाइन केलंय, तू फक्त शिक्का मार. ते नाकारायचं. तिथे विचार करत बसूच नका.

नंबर मिळाला की रोजचं काम काय असतं तेही सांगते, म्हणजे अर्ज करण्याआधी या गोष्टी शिकून घेता येतील. फाइलला फॉर्म एक-चौदा (जमिनीचा उतारा), सर्व्हे प्लॅन, झोनिंग, सनद (जमीन बिनशेती केल्याचा कागद) लागतात. जमीन उताराची किंवा सखल असेल तर टीसीपी ॲक्टचं कलम 17-अ, म्हणजे डोंगर कापणं आणि सखल जमीन भरणं, हे आधी बघायचं, क्लायंट जेसीबी लावून मोकळा झाल्यावर नाही. पंचायत भागात तालुक्याच्या टीसीपी ऑफिसचं टेक्निकल क्लिअरन्स आणि मग पंचायतीचं लायसन्स, पीडीएच्या (प्लॅनिंग अँड डेव्हलपमेंट ऑथॉरिटीच्या) हद्दीत असेल तर पीडीए. एस्टिमेटचं सर्टिफिकेटही रजिस्टर्ड इंजिनियरचंच लागतं, त्यामुळे आकडा मनाने कमी दाखवू नका. रेरामध्ये, म्हणजे रिअल इस्टेटच्या कायद्याखाली, रजिस्टर झालेल्या प्रोजेक्टमध्ये तर बिल्डरला वेगळ्या खात्यातून पैसे काढायला इंजिनियर, आर्किटेक्ट आणि सीए तिघांची सर्टिफिकेट लागतात, काम किती टक्के झालंय ते तुम्ही लिहून देता, आणि समोर फ्लॅट घेतलेल्या लोकांचे पैसे असतात.

पाटीवर काय लिहायचं, हेही बरेच जण चुकतात. 'आर्किटेक्ट अँड इंजिनियर' असं लिहू नका, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसेल तर आर्किटेक्ट हा शब्द नावापुढे लावता येत नाही. प्लॅन काढायला मात्र बंदी नाही. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की आर्किटेक्ट्स ॲक्टचं कलम 37 ही पदवी वापरण्यावर बंधन घालतं, कामावर नाही.

आता बाकीचे दरवाजे थोडक्यात. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स म्हणजे आयईआय, 1920 ची संस्था, मुख्यालय कोलकात्याला, गोव्याचं स्टेट सेंटर पणजीत. तिथे कॉर्पोरेट मेंबर झालात की चार्टर्ड इंजिनियरचं सर्टिफिकेट मिळवता येतं. ते सिव्हिलपेक्षा मेकॅनिकलवाल्यांना जास्त कामाचं, जुनी मशिनरी बाहेरून आणताना कस्टम्सला चार्टर्ड इंजिनियरचं सर्टिफिकेट लागतं, बँका मागतात, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांना लागतं. पण ते मिळालं म्हणून टीसीपीचा नंबर आपोआप मिळत नाही, हा गैरसमज मी दर वर्षी ऐकते. आयईआयकडेच इंटरनॅशनल प्रोफेशनल इंजिनियरचं रजिस्टर आहे, त्याची अट डिग्रीनंतर 7 वर्षांचा अनुभव, त्यातली किमान 2 वर्षं महत्त्वाच्या कामाची जबाबदारी तुमच्याकडे असली पाहिजे, आणि शिकणं चालू ठेवल्याचा पुरावा. ही 2 वर्षं दाखवायला परत तीच वही.

व्हॅल्युएशनला जायचं असेल तर आयबीबीआयचं (इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी बोर्डाचं) रजिस्टर्ड व्हॅल्युअर. लँड अँड बिल्डिंगसाठी डिग्रीनंतर 5 वर्षं, पोस्ट ग्रॅज्युएट असाल तर 3, आधी एका व्हॅल्युअर संस्थेचं मेंबर होऊन 50 तासांचा कोर्स, मग कॉम्प्युटरवर परीक्षा, 60 टक्क्यांना पास आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापतात. कायदा आणि अर्थशास्त्र यात भरपूर असतं, सिव्हिलवाले तिथेच पडतात, तर तो भाग आधी करा.

आणि बाहेर जाणारे. गल्फला जाणारा मुलगा आपल्याकडे घरटी एक तरी, तर त्यांनी तिकीट काढायच्या आधी एनबीएच्या (नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनच्या) साइटवर जाऊन आपल्या कॉलेजची, आपल्या ब्रँचची, आपल्या वर्षाची मान्यता बघावी. मान्यता कॉलेजला सरसकट नसते, ब्रँच आणि वर्षाप्रमाणे असते. 2018 मध्ये कुवेतने इंजिनियर सोसायटीचं नाहरकत पत्र आणि एनबीए लावून धरल्यावर आपली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं तिथे काम करूनही अडकली, डिग्री होती पण यादीत ब्रँच नव्हती. सौदीत सौदी कौन्सिल ऑफ इंजिनियर्सकडे नोंदणी लागते. अमेरिकेत खरं एकच नाव असलेलं लायसन्स आहे, पीई म्हणजे प्रोफेशनल इंजिनियर, पण तेही प्रत्येक राज्याचं वेगळं. 1907 मध्ये वायोमिंगने सुरुवात केली. आधी एफई परीक्षा, 110 प्रश्न, मग साधारण 4 वर्षांचा अनुभव, बहुतेक ठिकाणी पीई असलेल्या माणसाच्या हाताखाली, मग पीई, 80 प्रश्न. बाहेरच्या डिग्रीचं मूल्यांकन एनसीईईएसकडून (या परीक्षा घेणाऱ्या तिथल्या संस्थेकडून) करून घ्यावं लागतं, त्याला युनिव्हर्सिटीकडून ट्रान्सक्रिप्ट जावं लागतं, तर ताळगावच्या फेऱ्या इथे असतानाच आटपून घ्या, परदेशातून ते काम भावाला सांगून होत नाही.

शेवटी घरचंच एक काम. शिक्का बनवताना नाव आणि नंबर रजिस्ट्रेशनच्या पत्रात आहे तसाच, अक्षर न अक्षर. शिक्का कुलपात ठेवा, ड्राफ्ट्समनच्या टेबलावर नाही. जिथे जिथे सही कराल त्याची एक प्रत, कॅल्क्युलेशन्स, सॉइल रिपोर्ट, साइटचे फोटो, चेकलिस्ट, एका फाइलमध्ये, आणि पावसाळ्यात ती फाइल लोखंडी कपाटात ठेवलीत तरी आत कापूर आणि सिलिकाचे पुडे टाका, माझ्या 2012 च्या तीन फाइलींना बुरशी लागली होती आणि त्यातल्या एका घरावर मजला चढवायला मालक आता आलेत.